चतकोर कागद

रोमेल : ए, ती पिशवी ठेव खाली. जेलिन! माझे टेस्टचे कागद आहेत त्यात.

जेलिन : होते. आता पुड्या झाल्यात. बोट भरायच्या आत चाळीस पुड्या व्हायला हव्यात, आणि आजचा पेपर नाखव्याने स्वतःच्या बुडाखाली अंथरलाय. मग दाणे काय लोकांच्या हातावर ओतू?

रोमेल : कॉलेजच्या टेस्टच्या कागदात तळलेले दाणे विकतेस?

जेलिन : महिना झाला विकतेय, तुझे आणि तुझ्या वर्गातली पोरं धक्क्यावर फेकतात ते. तुला आज दिसलं. चतकोर कागद, एका पुडीला बरोब्बर.

रोमेल : विक, मला काय. सगळ्यांवर पाचपैकी पाचच आहे. जपून तरी काय करायचंय.

जेलिन : हां, तिथेच यायचं होतं मला. रोज पाच प्रश्न, रोज पाचपैकी पाच. आणि सहामाहीला पन्नासात अकरा. ते कसं काय, मनोंग?

रोमेल : थोरल्या भावाशी असं बोलतात?

जेलिन : 'मनोंग' म्हटलं ना? मग झालं. थोरला आहेस म्हणून अकराचे एकवीस होतात का?

रोमेल : सहामाही कठीण होती.

जेलिन : थापा मारू नकोस. तेच दिवे होते. कुठलं जहाज अंधारात कुठले दिवे लावतं, लाल वर की पांढरा वर. तूच नानायला सांगत होतास जेवताना, आणि आई बिचारी माना डोलावत होती. इकडे ये. हात दे. हा कागद उलटा धर आणि बोट फिरव.

रोमेल : तेल लागलं सगळं.

जेलिन : फिरव म्हटलं ना! काय लागतंय?

रोमेल : खडबडीत. मी दाबून लिहितो.

जेलिन : लिहीत नाहीस, नांगर चालवतोस. मागच्या बाजूने आंधळ्याला वाचता येईल. आता खाली ये. तिसरं उत्तर.

रोमेल : काहीच लागत नाही.

जेलिन : गुळगुळीत. चौथं गुळगुळीत. पाचवं पण. हा बारा तारखेचा बघ, ह्यात तर चार. दिवसभर पुड्या वळते मी, बोटाला कळतं. शाई तीच, अक्षर पण तसंच काढलंय मेल्याने. पण हात तुझा नाही. कोणाचाय?

रोमेल : हळू बोल. आर्विनचा.

जेलिन : तो लांब मानेचा?

रोमेल : शेजारी बसतो माझ्या. टेस्ट झाली की आपला कागद शेजाऱ्याला द्यायचा, त्याचा आपण घ्यायचा. कॅप, आमचे कॅप्टन सर, उत्तरं सांगतात, आपण तपासायचं. तुला माहितीये ना, तुमच्या शाळेतही तेच.

जेलिन : माहितीये.

रोमेल : जे येत नाही ते मी रिकामं सोडतो. तो भरतो. त्याचं मी भरतो. अगं, आकडा ओरडून सांगावा लागतो! कॅप एकेक नाव घेतात, ज्याच्या हातात कागद आहे त्याने उभं राहून सांगायचं. पन्नास पोरं ऐकत असतात. आपल्याच मित्राचा 'एक' कोण ओरडेल?

जेलिन : ओरडणारे असतात.

रोमेल : आर्विन तसला नाही.

जेलिन : नाही ना. म्हणूनच बुडवलंन तुला. आता पुढं?

रोमेल : पुढच्या शुक्रवारी तोंडी. भिंतीवर दिवे दाखवणार, वीस. पंधरा ओळखले तर जहाजावरच्या ट्रेनिंगच्या यादीत नाव. नाहीतर वर्षभर घरी. आणि आज कॅपने बोलावलंय. पहिल्या तासाच्या आधी, एकट्याला.

जेलिन : कळलं असेल त्यांना.

रोमेल : कळलं असेल तर शुक्रवारपर्यंत जायलाच नको. आजच संपलं. नानायने त्या यादीसाठी किती मेणबत्त्या लावल्यात, तुला ठाऊक नाही.

जेलिन : ठाऊक आहे, काड्यापेटी माझी संपते. पण तू वाचतोस ना रे? रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन बसलेला तर दिसतोस.

रोमेल : तीनदा वाचलंय. पिवळ्या पेनाने सगळं रंगवलंय.

जेलिन : बरं, सांग. वर पांढरा, खाली लाल.

रोमेल : थांब. हे येतं मला. डाव्या हाताचं पान, अगदी वर. पिवळं केलंय. बाजूला कॉफीचा डाग आहे.

जेलिन : जहाज कुठलं?

रोमेल : पान दिसतंय गं डोळ्यासमोर. काय लिहिलंय तेवढं दिसत नाही. मासेमारी?

जेलिन : ते वर लाल, खाली पांढरा. हे पायलट. मोठ्या जहाजाला बंदरात आणायला जातो ना, तो. पांढरी टोपी आणि खाली उन्हाने लाल झालेलं थोबाड. आपल्या नाखव्यासारखं.

रोमेल : तुला कसं येतं?

जेलिन : पुड्या वळून. कागदावर डावीकडे दिवे, उजवीकडे उत्तर. उजवीकडे अंगठा ठेवायचा. मनात म्हणायचं. मग अंगठा काढायचा आणि पुडी वळायची. बरोबर आलं तर चार दाणे जास्त.

रोमेल : आणि चुकलं तर?

जेलिन : शिवी.

रोमेल : कुणाला?

जेलिन : जहाजाला. दिवसाला चाळीस पुड्या. शिव्या आधी बऱ्याच लागायच्या, आता कमी लागतात. चल सरक, बोट भरली. लाइफ जॅकेट घाल, तो गार्ड बघतोय. शेंगदाणेऽ लसूणवालेऽ! काका, घेणार?

कॅप : दे एक गं पोरी, इंदाय. लसूण जास्त असलेली.

रोमेल : जेलिन. जेलिन, ती नको. दुसरी दे.

जेलिन : का? हीच गरम आहे. घ्या काका.

रोमेल : अगं ते कॅप आहेत! गुड मॉर्निंग, कॅप. तुम्ही... तुम्ही तर सहाच्या बोटीने जाता.

कॅप : मोटरसायकल पंक्चर झाली, रोमेल. बैस. तू उभा राहिलास की बोट सरळ चालत नाही. छान झालेत गं दाणे. कोण तळतं?

जेलिन : मीच.

कॅप : हं. कागदही ओळखीचा वाटतोय. बारा तारीख. रोमेल, हे नाव तुझंच ना?

रोमेल : हो, कॅप.

कॅप : पाचपैकी पाच.

रोमेल : हो, कॅप.

कॅप : परवा रात्री तुझी सहामाही तपासली. अकरा. वाटलं, आकडा चुकला. पुन्हा बेरीज केली, पुन्हा अकराच. म्हणून बोलावलं होतं तुला. हा पाच आणि तो अकरा एकाच पोराचे कसे, ते विचारायला.

रोमेल : कॅप, मी...

जेलिन : कागद उलटा करा.

रोमेल : जेलिन!

जेलिन : काय जेलिन? पुढच्या शुक्रवारी कळणारच आहे, मग आज कळू दे. उलटा करा आणि बोट फिरवा. खडबडीत आहे तेवढं ह्याचं. गुळगुळीत ते शेजाऱ्याचं. मारायचं तर दोघांना मारा, एकट्या ह्याला नाही.

कॅप : ही कोण?

रोमेल : बहीण, कॅप. धाकटी. तिला... तिचं डोकं जरा...

कॅप : डोकं चांगलंच चालतंय तिचं. चार उत्तरं गुळगुळीत. खरंच की. रोमेल, मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

रोमेल : खरं आहे ते. आर्विन माझं भरतो, मी त्याचं. पहिल्या आठवड्यापासून. मी सुरू केलं, कॅप. त्याला एक पडला होता. तो मला ओरडून सांगवेना, मी चार सांगितला.

जेलिन : आणि ह्यात तुमचाही हात आहे!

रोमेल : गप गं, पाया पडतो तुझ्या.

जेलिन : गप का? ओरडून आकडा सांगायला कोण लावतं? मी नववीत होते. आमच्या मॅम पण असंच करायच्या. माझा कागद एका पोरीकडे गेला. तिने काही भरलंबिरलं नाही. उभी राहिली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, 'शून्य, मॅम.' आणि हसली. मग बाकीचे हसले.

कॅप : मग?

जेलिन : मग तिच्या थोबाडीत दिली. तीन दिवस घरी बसवलं मला. चौथ्या दिवशी मीच गेले नाही. दोन वर्षं झाली. आता दाणे खा, गार होतील.

रोमेल : मला तू सांगितलंस की शाळेचा कंटाळा आला.

जेलिन : आला होताच की. थोबाडीत मारल्यावर आला.

कॅप : धर हे दाणे जरा.

जेलिन : काय झालं? बोला की. रागावलात?

कॅप : नाही. विचार करतोय. दोन महिने मी रोज पाच प्रश्न विचारतोय. कागद गोळा करतो, आकडे लिहून घेतो, कागद परत. एकदाही उलटा करून बघितला नाही. आणि मनात स्वतःलाच म्हणायचो, पालमारेस, काय शिकवतोस तू! वर्ग दिव्यांत पक्का झालाय. इंदाय, ते अंगठ्याचं काय बोलत होतीस मघाशी? माझे कान अजून जहाजावरचेच आहेत.

जेलिन : काही नाही. खेळ आहे.

कॅप : मला खेळायचाय. हिरवा वर, पांढरा खाली.

जेलिन : जाळं ओढत नेणारी बोट. सोपं आहे.

कॅप : लाल, पांढरा, लाल. एकाखाली एक.

जेलिन : काम करतंय जहाज, हवं तसं वळता येत नाही त्याला. समुद्राच्या तळाशी वायर टाकणारं, तसलं.

कॅप : समोर लाल आणि हिरवा, दोन्ही एकदमच दिसतायत. वर पांढरा.

जेलिन : सरळ अंगावर येतंय. उजवीकडे वळायचं. त्याने पण आणि आपण पण.

कॅप : वर लाल, त्याखाली लाल.

जेलिन : हे... थांबा. हे माझं दोनदा चुकलंय. अडकलेलं? वाळूत रुतलेलं?

कॅप : रुतलेल्याला आणखी पांढरा असतो, नांगराचा. नुसते दोन लाल म्हणजे?

जेलिन : ताब्यात नसलेलं! शी! स्वतःच्या ताब्यात नसलेलं जहाज.

रोमेल : आमच्या घरात एक आहे तसं.

जेलिन : तुला दाणे नाहीत आज.

कॅप : हसू नकोस, रोमेल. ताब्यात नसलेलं म्हणजे काही वाईट जहाज नव्हे. काहीतरी बिघडलेलं असतं. ते दिवे लावून एवढंच सांगतं, मला आत्ता वळता येत नाहीये, तुम्ही जरा बाजूने जा. दुरुस्त झालं की दिवे काढतात आणि निघतात.

जेलिन : पुढचा विचारा.

कॅप : पुढचा भावाला. रोमेल, पुस्तक किती वेळा वाचलंस?

रोमेल : तीनदा.

कॅप : आणि हिने?

रोमेल : पुस्तक हिने उघडलेलंसुद्धा नाही, कॅप.

कॅप : तू तीनदा आत टाकलंस. हिने रोज चाळीसदा बाहेर काढलं. जहाजावर मध्यरात्री समोर दिवा दिसतो तेव्हा पान कुठलं ते कोणी विचारत नाही. बाहेर काढावंच लागतं, त्याच घटकेला. मी रोज टेस्ट घेतो ती त्यासाठी. मार्कांसाठी नव्हे. पण ते मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही, आणि वर आकडे ओरडायला लावले. मग तुम्ही आकडाच सांभाळलात. दुसरं काय करणार.

रोमेल : यादीतून नाव काढणार माझं?

कॅप : रोजचे ते सगळे पाच मी खोडणार. तुझे आणि आर्विनचे. त्यालाही आज येऊन स्वतः सांगायला लाव. यादीचं शुक्रवारी ठरेल. तिथे शेजारी नसतो.

रोमेल : आठ दिवसांत काय होणार, कॅप?

कॅप : आठ दिवस कशाला मोजतोस, फेऱ्या मोज. जायची एक, यायची एक. सोळा होतात. दर फेरीला पाच दिवे ही विचारेल.

जेलिन : मी? माझे दाणे कोण विकणार?

कॅप : पाचच प्रश्न, इंदाय. पुड्या वळता वळता. आणि रोमेल, चुकलं की उत्तर पुस्तकात लगेच बघायचं नाही. आधी काहीतरी बोलायचं. चुकीचं बोल, पण बोल.

जेलिन : आणि शिवी?

कॅप : ती जहाजाला. मला नाही.

(पुढच्या आठवड्यातला शुक्रवार. संध्याकाळी साडेपाचची परतीची बोट.)

जेलिन : तोंड का असं केलंयस? बोल ना.

रोमेल : आधी दाणे दे.

जेलिन : दाणे संपले. बोल, नाहीतर ढकलीन पाण्यात. जॅकेट पण घातलेलं नाहीस.

रोमेल : चार चुकले.

जेलिन : चार. वीसमधले चार... म्हणजे सोळा? सोळा! अरे मग रडका चेहरा कशाला, गाढवा?

रोमेल : तुझा बघायचा होता. यादी लागली पण. बावीस नावं. माझं बाविसावं.

जेलिन : शेवटचं!

रोमेल : आहे ना पण. जानेवारीत जहाजावर. नानायला मी सांगणार हां, तू नाही.

जेलिन : सांग तू. मी नुसती बाजूला उभी राहून मोठ्याने हसणार. चुकले कुठले?

रोमेल : दोन ओढणाऱ्या जहाजांचे, एक रुतलेल्याचं, एक... ते जाऊ दे. पण वर पांढरा, खाली लाल दिसलं ना, मला पान दिसलंच नाही. नाखवा दिसला. पांढरी टोपी, लाल थोबाड. तीन कॅप्टन समोर बसलेले आणि मी हसलो. एकाने विचारलं, हसायला काय झालं? म्हटलं, पायलट, सर. ओळखीचा आहे.

जेलिन : नाखव्याला सांगू नकोस, फुकट नेणार नाही मग.

रोमेल : आर्विनपण आला यादीत.

जेलिन : त्याचं काय झालं त्या दिवशी?

रोमेल : स्वतः जाऊन सांगितलं त्याने. मग कॅपने वर्गात आकडे ओरडणं बंद केलं. आता आपला कागद आपणच तपासायचा, लाल पेनाने. मार्क धरत नाहीत. कागद आपल्याकडेच राहतो.

जेलिन : मार्क नाहीत? मग कोण करेल?

रोमेल : पहिल्या दिवशी पोरं हसली. दुसऱ्या दिवशी चिडली, म्हणाली मग टेस्ट घेताच कशाला, कॅप. आर्विनला त्या दिवशी शून्य होता. कोणाला कळणार होतं? पण बाहेर आल्यावर त्याने आपणहून सांगितलं. म्हणाला, रोमेल, मला काहीच येत नाही रे, मला आज कळलं. मग आम्ही दोघं दुपारी धक्क्यावर बसायला लागलो. तुझा तो अंगठा.

जेलिन : माझा अंगठा? मला विचारलंस?

रोमेल : हे घे.

जेलिन : काय आहे?

रोमेल : कॅपने दिलंय. तुला. म्हणाले, पुडी करण्याआधी वाचायला सांग.

जेलिन : प्रश्न? हे दिवे नाहीत.

रोमेल : पाच आहेत. नववीचे. मागे उत्तरं आहेत, दुमडून चिकटवलीत. नगरपालिकेच्या शाळेत शनिवारी वर्ग भरतो म्हणे, शाळा सोडलेल्यांचा. शेवटी एक परीक्षा. पास झालं की पुढे जाता येतं.

जेलिन : मी विचारलं होतं का त्यांना? कोण समजतो तो म्हातारा स्वतःला? माझ्या भावाला पास केलं म्हणजे माझ्या डोक्यावर बसणार का आता?

रोमेल : मीही म्हटलं, चिडेल ती. ते म्हणाले, चिडू दे. जरा बाजूने जायचं.

जेलिन : सरक, उजेड येऊ दे.

रोमेल : नको तर टाक पाण्यात. मी त्यांना सांगेन, दाण्यांना लागला.

जेलिन : थांब जरा. हा पहिला बघ. 'पन्नासात अकरा, तर शंभरात किती?' हलकट म्हातारा!

रोमेल : खरंच असं लिहिलंय? दाखव.

जेलिन : हात नको लावूस. बावीस. येतंय की मला. दुसरा... दुसरा जरा लिहून करावा लागेल. चतकोर कागद आहे?

रोमेल : पूर्वी मी सगळ्या वर्गात मागत हिंडायचो. आता बघ, गठ्ठा कापून ठेवलाय. घे. पेन पण घे.

जेलिन : तिकडे तोंड कर.

रोमेल : केलं. झाल्यावर मी तपासू?

जेलिन : नको. माझं मी तपासेन.

रोमेल : आकडा तरी सांगशील?

जेलिन : तिकडे बघ म्हटलं ना.

रोमेल : बघतोय. समोर हिरवा दिसतोय एक. त्या बोटीची उजवी बाजू. आपल्या अंगावर येत नाही ती. जेलिन? शून्य आला तरी सांगशील?

जेलिन : ओरडून नाही. पण सांगीन.